अक्षता टाकणारे हात

खालच्या हॉलमध्ये बँड वाजायला लागला की माझं काही खरं नसतं. मे महिना, लगीनसराई, मुलुंडच्या या घराच्या खिडकीखालून दिवसाआड जाणारी वरात, आणि घरातल्या घरात येरझारा घालणारी मी. पेपर उचलते, ठेवते. कुकर लावते आणि शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद करते. निवृत्त माणसाने दुपारी पडावं जरा, असं सगळे सांगतात. सांगायला काय जातंय त्यांचं! डोळे मिटले की मला हात दिसतात. मुठी आवळून उभे असलेले, अक्षता धरलेले, शेकड्यांनी हात. यंदा तर परवाच एका लग्नाला जाऊन आले, त्यामुळे अजूनच जीव थाऱ्यावर नाही.

मी साथरोगतज्ज्ञ. हे नाव सांगून सांगून थकले. लगेच समोरचा विचारतो, कावीळ का? पटकी? एकदा लिफ्टमध्ये एक गृहस्थ दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, "सध्या कसली साथ आहे?" म्हटलं, सध्या मूर्खपणाची आहे, तोंडाला रुमाल लावा. मी ज्या आजारामागे उभी हयात घालवली त्याची साथ येतच नाही. तो पाण्यातून येत नाही, डासातून येत नाही. तो आईबापाकडून येतो, नाक नाहीतर कपाळ येतं तसा. जन्माला येतानाच येतो आणि पस्तीस-चाळीस वर्षं, कधी त्याहून जास्त, गप्प बसून राहतो. मग एक दिवस बोटं आपल्याआपण हलायला लागतात. मग खांदा, मान, चेहरा. चालणं झिंगल्यासारखं होतं. राग आवरत नाही, आठवत नाही, शेवटी घास गिळता येत नाही. मेंदू आतून थोडा थोडा विझत जातो. आई किंवा वडील, एकाला जरी असला तरी प्रत्येक मुलाच्या बाबतीत छापा-काटा. निम्मी शक्यता आहे, निम्मी नाही. इंग्रजीत त्याला भारदस्त नाव आहे. विक्रोळीच्या ज्या खोलीत मी तो पहिल्यांदा पाहिला, तिथे त्याला 'चाळो' म्हणत.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. मी एका सरकारी रुग्णालयाच्या संशोधन विभागात नवीन लागलेली, अंगात भलती घाई. त्या मे महिन्याची आठवण काढली तरी मानेला घाम येतो. गच्चीवर कुरडया, गॅलरीत लाल मिरच्या, नळाला पाणी आलं की जिन्यात बादल्यांची झुंबड, आणि डोक्यावर नुसताच कुरकुरणारा पंखा. आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "औषध नाही, तपासणी नाही. नेमका कुठला जनुक, ते जगात शोधताहेत. त्यांना मोठाली कुटुंबं लागतात. तू मला एक कुटुंब आणून दे." जसं काही बाजारातून माठ आणायचा होता.

कुटुंब मिळालं ते सखारामचं. मूळचा मालवणकडचा, विक्रोळीच्या एका कारखान्यात कामाला. कामावर पिऊन येतो म्हणून त्याला घरी बसवला होता. मी गेले तेव्हा तो खाटेवर बसला होता, आणि बसला होता म्हणणंसुद्धा कठीण. एक खांदा वर जात होता, बोटं हवेत कसलीतरी न दिसणारी पेटी वाजवत होती, भुवया उगाच उडत होत्या.

"मी पिऊक नाय गो बाय," पहिलं वाक्य हेच. "देवाशपथ पिऊक नाय. सगळे म्हणतत दारू पिऊन इलो. हात माजो ऐकणा नाय, त्याका मी काय करू?"

त्याची बायको लक्ष्मीवहिनी चहा घेऊन आली. कप अर्धाच भरलेला. नंतर कळलं, त्याच्यासाठी म्हणून तिने घरातले सगळेच कप अर्धे भरायची सवय लावून घेतली होती, पाहुण्यांचेसुद्धा. त्याला एकट्याला अर्धा देणं तिला बरं वाटत नसे.

वंशावळ काढणं हे माझं काम. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ, आजारी असेल तर आत काळं भरायचं. सखारामचा बाप काळा, चुलता काळा, आजा काळा. आणि त्यांच्या बहिणी? सगळी वर्तुळं रिकामी, पुढे प्रश्नचिन्हं.

"चेडवांक नसता चाळो," सखाराम ठामपणे म्हणाला. "आमच्यात बाप्यांकच होता. चेडवांक देव राखता."

मुलींना नसतो. सगळं घराणं पिढ्यान्‌पिढ्या हेच धरून बसलेलं, आणि म्हणूनच मुलींची लग्नं अगदी निर्धास्तपणे लावलेली. आता नाणं काय मुलगा-मुलगी बघून पडतं? मी म्हटलं, तुमच्या आत्या कुठे आहेत, कुणी बघितलंय का त्यांना? एक मुंबईला दिलेली. नाव शेवंती.

"ता म्हायारचा नाव," लक्ष्मीवहिनी म्हणाली. "लग्नात काय ठेवल्यानी, कोणाक ठावक!"

झालं. इथे माझी पार वाट लागली. आपल्याकडे लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवीन नाव लिहितो, सगळे टाळ्या वाजवतात, पेढे वाटतात. गोड प्रसंग. पण माझ्यासारखीने शोधायला निघावं! आडनाव गेलं, बापाचं नाव गेलं, आणि वर तिचं स्वतःचं नावही गेलं. शेवंती नावाची एक चांगली हाडामांसाची मुलगी त्या ताटात जी गेली ती गेलीच. पुढे सासरी तिची बोटं हलायला लागली तर कुणी म्हणणार करणी, कुणी म्हणणार वेड लागलं, आणि माहेरी कळणार काहीच नाही. माहेरचे पुन्हा म्हणायला मोकळे, आमच्या मुलींना देव राखतो. चीड यायची मला. अजून येते.

बरं, शोधायचं तरी कुठे? मे महिना, निम्म्या कोकण्यांच्या दारांना कुलपं. शेजारी सांगणार, गावाक गेलेत. उरलेले लग्नांत. शेवटी लक्ष्मीवहिनीच म्हणाली, "अगो, मग लग्नाकच चल. सगळे एकाच जाग्यार गावतले." आणि मी त्यांच्या नात्यातल्या लग्नांना जायला लागले. आज भांडुप, उद्या घाटकोपर, परवा कांजूर. ठेवणीतल्या दोन साड्या आलटून पालटून. माझी आई वैतागायची. "लोकांच्या लग्नात बिनबोलावता जेवून येतेस, स्वतःच्याला कधी बोलावणार आहेस आम्हाला?"

पण काय जागा होती ती बघायला! मंगलाष्टकं सुरू झाली की अख्खा हॉल नवरानवरीकडे बघतो. मी मुठींकडे. हा आजार असलेल्या माणसाला मूठ एकसारखी आवळून धरता येत नाही. पकड सुटते, आवळते, पुन्हा सुटते. दवाखान्यात आम्ही त्याला आमची बोटं धरायला लावतो. इथे तर प्रत्येकाच्या मुठीत चिमूटभर तांदूळ, आणि भटजींचा गळा लागला की कडव्यामागून कडवं. 'सावधान' म्हणेपर्यंत सगळ्यांच्या मुठी गच्च. फक्त एखाद्याच्या पायाशी आधीच तांदूळ सांडलेले असायचे. मी त्या पायांवरून वर चेहऱ्यापर्यंत बघत जायची. आजूबाजूला अत्तर, गजरे, पोरांचा कालवा, आणि त्या माणसाच्या शेजारी त्याची दोन-तीन मुलं छान केस विंचरून उभी.

तेव्हा आमच्या शेजारी विजया राहायची. भिंतीला भिंत. बालवाडीपासून आम्ही एकत्र, एकमेकींचे कपडेसुद्धा एकत्र. ती बँकेत लागली होती आणि महिनाअखेरीला तिचं लग्न ठरलं होतं, श्रीधरशी. गॅलरीत मिरच्यांना राखण बसलो होतो, मधे तिखटमीठ लावलेली कैरी. मी आपली फुशारकीत माझ्या हरवलेल्या बाईची गोष्ट सांगत होते. सखारामचे हात कसे हलतात ते करूनही दाखवलं.

"नाव काय म्हणालीस?"

"शेवंती."

विजयाने कैरीची फोड खाली ठेवली. "सुमे, आईला तिची गावची मावशी शेवंते म्हणून हाक मारायची."

"काहीतरीच काय गं."

"काहीतरीच नाही. आई मालवणकडचीच ना? माहेरशी जाणं-येणं नाही, मामांची भांडणं झाली म्हणून." मग हळू आवाजात, "आत बघ ना जरा."

आत विजयाची आई, आमच्या मालतीकाकू, तांदूळ निवडत होत्या. रोज बघत होते मी त्यांना. गेली दोन वर्षं त्यांच्या हातून भांडी पडत होती आणि आम्ही दोघी हसत होतो, काकू, कुणाशी भांडताय! त्या दिवशी दारातून पाहिलं. उजवा हात खडे वेचत होता, आणि मांडीवर ठेवलेला डावा हात वेगळंच काहीतरी करत होता. बोटं पदराच्या काठावर चढत होती, उतरत होती. पायाचा अंगठा उचलला जात होता. काकूंचं लक्षही नव्हतं, त्या गुणगुणत होत्या.

"हाच ना तो?" विजयाने विचारलं. मला नाही म्हणायचं होतं. देवा, किती नाही म्हणायचं होतं! पण शिकलेल्या डोळ्यांना झाकण कुठलं घालणार. मी वळून मिरच्या उलटसुलट करायला लागले, आणि विजयाला उत्तर मिळालं.

पुढचे दिवस मी कसे काढले मलाच माहीत. झोप नाही, एका जागी बसवत नाही. विजया सारखं एकच विचारायची, "मला होईल का?" मी म्हणायची, निम्मी शक्यता. "निम्मी म्हणजे काय गं? निम्मी मी मरणार का?" मी सरांना जाऊन विचारलं, तिला काय सांगू? जगातल्या कुठल्याच पुस्तकात तेव्हा त्याचं उत्तर नव्हतं. आणि बाहेर बँड चालूच, तिच्याच लग्नाचे पापड गच्चीवर वाळत होते.

एके दिवशी ती म्हणाली, मला त्याला बघायचंय. विक्रोळीला घेऊन गेले. सखारामने तिच्याकडे टक लावून पाहिलं, जेवढी त्याला लावता येत होती तेवढी, आणि म्हणाला, "आत्येचा तोंड! लक्ष्मी, बघ गे, आत्येचा तोंड!" इतका आनंद झाला त्या माणसाला. आत्या सापडली म्हणून तो हसत होता, आत्येबहिणीला लाडू दे म्हणत होता, आणि मी तिथे चोरासारखी उभी. विजया त्याच्याजवळ खाटेवर बसली. तिने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तो तिच्या ओंजळीत पाखरासारखा फडफडत राहिला. तिने दाबून धरला नाही, सोडलाही नाही. लक्ष्मीवहिनीने दिलेला अर्धा कप चहा निवून गेला.

परत येताना हायवेवर बसची वाट बघत उभ्या होतो. खाडीवरून खारट वारा येत होता. ती म्हणाली, "त्याच्या बायकोला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं."

"कुणाला माहीतच नव्हतं गं."

"मला आहे ना."

तिने श्रीधरला पवईच्या तलावाशी नेऊन सगळं सांगितलं. मूल होऊ देणार नाही, हेही सांगितलं. तो ऐकून घेऊन निघून गेला आणि नंतर काही दिवस त्याचा पत्ताच नाही. फोन नाही, निरोप नाही. विजया बँकेतून आली की गॅलरीत उभी राहायची. मी मनातल्या मनात त्याला इतक्या शिव्या घातल्या की विचारू नका. आणि खरं सांगायचं तर, त्याने नाही म्हटलं असतं तरी त्याचं काय चुकलं असतं, हेही मला कळत होतं आणि त्याचा आणखी राग येत होता. मग एका संध्याकाळी तो आला. शर्टाला इस्त्री नाही, दाढी वाढलेली. दारातच म्हणाला, "माझ्या आईला एवढ्यात सांगू नकोस. बाकी मी बघतो." एवढंच. कुठलं वचन नाही, काही नाही. विजया आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून तोंड धूत राहिली.

लग्नात नवरीच्या आईने मंगलाष्टकं बघायची नसतात, आत तुळशीला पाणी घालत बसायचं असतं. त्या दिवशी ही रीत कामाला आली. मालतीकाकू आत बसल्या, हॉलमधल्या कुणालाही त्यांचे हात दिसले नाहीत. काकांनी बहुधा तेवढंच देवाकडे मागितलं असेल. मी मात्र दोनदा आत डोकावले. तुळशीच्या कुंडीभोवती सगळं पाणीच पाणी झालं होतं.

पाठराखीण म्हणून मी विजयाबरोबर बोरिवलीला सासरी गेले. तांदळाचं ताट आलं. सासूबाईंनी नाव आधीच ठरवलं होतं, शुभांगी. श्रीधरने अंगठी हातात घेतली, आणि विजयाने ताटावर हात आडवा धरला.

"माझं नाव राहू दे, आई."

"अगं, असं कसं? रीत आहे आपली!"

"राहू दे ना. उद्या कुणी मला शोधत आलं तर सापडायला हवी ना मी?"

"कोण येणारे तुला शोधत?" सासूबाई म्हणाल्या, आणि सगळ्या बायका खो खो हसल्या. नवी सून विनोदी दिसते, असं कुणीतरी म्हणालं. श्रीधर हसला नाही. त्याने मान खाली घालून तांदळात 'विजया' लिहिलं, आणि मी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले.

त्यानंतर मी किती कुटुंबं पाहिली, किती गावं हिंडले. सखाराम गेला. मालतीकाकूही गेल्या, शेवटी शेवटी विजयाच त्यांना भरवायची. मग तो जनुक सापडला, तपासणी आली, एका सुईत उत्तर मिळायला लागलं. मी धावतपळत बोरिवलीला गेले. विजया म्हणाली, "नको. मी रोज सकाळी दूध ओतताना बघते की. कागद कशाला हवा?" तिने आणि श्रीधरने मुक्ताला दत्तक घेतलं होतं तोवर. ती पोर दारात उभी राहून माझ्या पर्समध्ये चॉकलेट शोधत होती.

दरवर्षी मे महिन्यात त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला मी जायची. बेल वाजवली की विजया दार उघडायची आणि नमस्कार-चमत्काराच्या आधी दोन्ही हात सरळ माझ्यासमोर धरायची. "बघ बाई एकदाचे, आणि आत ये. नाहीतर जेवताना चोरून बघत बसशील." हात अगदी स्थिर. मग आम्ही दोघी हसायचो, जरा जास्तच हसायचो. पन्नाशी झाली, पंचावन्न झाली, साठी झाली. हात स्थिर. मला वाटायला लागलं होतं की सुटली ही. छापा पडला. वाटायला काय, मनात पेढेसुद्धा वाटून झाले होते माझे.

यंदा वाढदिवसाला तिने बोलावलं नाही. मुक्ताचं लग्न आहे, तेव्हाच ये, असं फोनवर सांगितलं आणि पत्रिका मुक्ताकडे पाठवली. मी म्हटलं, असेल बाई लग्नाची गडबड.

परवा बोरिवलीला हॉलमध्ये पोचले तेव्हा अंतरपाट धरला होता. मी इकडेतिकडे बघत होते, विजया आत तुळशीपाशी असणार म्हणून आतल्या खोलीकडे वळले, तेवढ्यात मागून हाक आली. ती बाहेरच होती. सगळ्यांसमोर, हॉलच्या मधोमध, श्रीधरच्या शेजारी. "मी नाही बसणार आत," ती म्हणाली. "आईला बसवलं तेवढं पुरे झालं." मी जाऊन तिच्या बाजूला उभी राहिले. मंगलाष्टकं सुरू झाली. इतक्या वर्षांची सवय, डोळे आपोआप खाली गेले.

तिच्या पायाशी तांदूळ होते. भटजींचं दुसरंच कडवं चाललं होतं. एकेक दाणा तिच्या मुठीतून सुटत होता, चपलेवर पडत होता, गालिच्यावर पडत होता.

मी मान वर केली नाही. करवली नाही. मग तिचा हात माझ्या हाताला लागला, फडफडणारा, ओळखीचा. तिने माझी मूठ उघडली आणि आपले उरलेसुरले तांदूळ त्यात घातले.

"तू धर. माझ्याकडे राहत नाहीत हल्ली," ती समोर मुक्ताकडे बघत म्हणाली. मुक्ता लाल शालूत, हातात हार धरून, अगदी निश्चिंत उभी होती. विजया जराशी हसली आणि माझ्या कानाशी आली. "काय गं सुमे, सापडले ना मी?"

"सापडलीस," मी म्हटलं.

भटजी 'सावधान' म्हणाले. श्रीधरने तिचा तो हात आपल्या हातात घेतला होता, आणि मी आम्हा दोघींच्या अक्षता टाकल्या.